दहाची कुपी आणि शेवटचे घर



यंदा १० मार्चला आमच्या वरवट बकालच्या विहारात सावित्रीमाईंचा स्मृतिदिन झाला. त्रिशरण-पंचशील झाले, दोन भाषणे झाली, भाषणे नेहमीप्रमाणे थोडी लांबलीच. भिंतीवर ते चित्र लावले होते, प्लेगच्या पोराला पाठीवर घेऊन निघालेल्या सावित्रीमाईंचे. कार्यक्रम संपता संपता आठवीतली एक पोर उठली आणि म्हणाली, "मावशी, तवा लस नव्हती काय?"

मी पटकन "नव्हती" म्हणणार होते. मग जीभ आवरली. कारण लस होती! मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. आणि सावित्रीमाई गेल्या १० मार्च १८९७ रोजी. बरोबर दोन महिन्यांनी. मुंढव्याच्या महारवाड्यातला गायकवाडांचा मुलगा पांडुरंग प्लेगने तापला आहे हे कळताच माईंनी त्याला पाठीवर घेतले आणि डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणले. तोच रोग त्यांना लागला. लस नुकतीच तयार झालेली, मोजकीच, अजून परीक्षा सुरू असलेली; तेव्हा दोन महिन्यांत ती मुंढव्याच्या महारवाड्यात पोहोचली नाही म्हणून कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण प्रयोगशाळेतली कुपी आणि वाड्यातले तापलेले पोर यांच्यामध्ये जे अंतर असते ते कोण तुडवणार, हा प्रश्न तेव्हाही होता. २०२१ साली तो आपल्या दारात येऊन उभा राहिला. आजच्या सदरात त्याविषयीच लिहिते. त्या पोरीला विहारात पुरते उत्तर देता आले नव्हते, तेही यात येईल.

कोरोनाची लस १६ जानेवारी २०२१ पासून देशात देणे सुरू झाले. आधी दवाखान्यातील कर्मचारी, मग पोलीस-सफाई कामगार वगैरे, १ मार्चपासून साठीच्या पुढचे आणि पंचेचाळिशीच्या पुढचे गंभीर आजारी, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीचे सगळे, १ मेपासून अठराच्या पुढचे सगळे. कागदावर ही उतरंड व्यवस्थित होती. आपल्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, किडनीचे दुखणे घराघरांत आहे. डायलिसिसवरच्या माणसाला वयाची साठी होण्याची वाट पाहावी लागणार नाही असे त्या नियमात लिहिले होते. पण त्यासाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र हवे. आणि प्रमाणपत्र आणायला एक दिवसाची मजुरी हवी.

लस गावापर्यंत कशी येते हे पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून निघालेली कोव्हिशील्डची खोकी विभागाच्या भांडारात, तिथून बुलडाण्याच्या जिल्हा भांडारात आणि मग घाट उतरून आपल्या घाटाखालच्या तालुक्यांत येत. सगळा प्रवास दोन ते आठ अंश थंडाव्यात. त्याहून गरम झाली तर लस वाया, आणि गोठली तरीही वाया! दवाखान्यात ती ठेवतात त्या फ्रिजचे झाकण वर उघडते, म्हणजे उघडल्यावर गारवा खाली सांडून जात नाही आणि वीज गेली तरी काही तास भागते. तिथून पुढे उपकेंद्रापर्यंत नेतात ती छोटी पेटी, बर्फाच्या पट्ट्या घातलेली. पल्स पोलिओमुळे ती पेटी आपल्या लेकरांनाही ओळखीची आहे.

इथवरची व्यवस्था आपल्या देशात जुनी आणि पक्की आहे. देवी गेली, पोलिओ गेला, तो याच वाटेने. अडचण सुरू झाली ती पेटीचे झाकण उघडल्यावर.

कोव्हिशील्डच्या एका कुपीत दहा डोस असत. कुपी एकदा उघडली की चार तासांत दहाही डोस संपले पाहिजेत, उरले तर फेकायचे. वरून हुकूम असा की डोस वाया जाता कामा नये, त्याचा हिशेब मागितला जाई. मग नर्सबाई काय करणार? पाच माणसे आली तर त्या म्हणणार, दहा होऊ द्या.

माझ्या थोरल्या जाऊबाई साठी ओलांडलेल्या. मार्च २०२१ मध्ये त्या एका केंद्रावर गेल्या, तूर सोंगायचे काम संपून हात जरा रिकामा होता म्हणून. दुपारी परत आल्या. "पाचच झाले म्हने. दहा झाल्याबिगर बाटली फोडत नाही. उद्या या म्हने." दुसऱ्या दिवशी गेल्या तर सात झाले. तिसऱ्या वेळी दहाच्या वर माणसे जमली होती, पण लस संपली होती. चौथ्या वेळी त्या गेल्याच नाहीत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ताप आला, आणि पाच दिवसांत जाऊबाई गेल्या. नेमक्या त्याच दिवसांत, महात्मा फुले जयंतीपासून बाबासाहेबांच्या जयंतीपर्यंत, म्हणजे ११ ते १४ एप्रिल, दिल्लीच्या सरकारने देशभर 'टीका उत्सव' जाहीर केला होता. आणि त्याच सुमारास महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री राजेश टोपे सांगत होते की राज्यात तीन दिवसांपुरताच साठा उरला आहे. आपल्या दोन महापुरुषांच्या नावाने उत्सव आणि केंद्रावर 'लस उपलब्ध नाही' अशी पाटी!

लस मिळाली असती तर जाऊबाई वाचल्या असत्या असे मी म्हणत नाही. एका डोसाने इतक्या लवकर पुरते संरक्षण मिळत नाही हे मला कळते. त्या नर्सबाईंवरही माझा राग नाही, त्या नियमाने वागल्या. पण पहिल्या दिवशी पाच आणि दुसऱ्या दिवशी सात, मिळून बारा माणसे रिकाम्या हाताने घरी गेली, आणि त्यांना एका दिवशी एका वेळी आणणे हे काम कोणाचेच नव्हते. सरकारचे नव्हते, आमचेही नव्हते. तेरवी-बिरवी आपण करत नाही. पुण्यानुमोदनाला चार माणसे जमली, अंतर ठेवून बसली, तेव्हा माझ्या मनात हाच हिशेब चालू होता. दहा माणसे जमवणे एवढे काय अवघड आहे? लग्नाला आपण चारशे जमवतो.

मेमध्ये आणखी गंमत झाली. अठराच्या पुढच्यांना फोनवर नोंदणी केल्याशिवाय लस नाही. संकेतस्थळ तेव्हा इंग्रजीत. मराठी आणि इतर भाषा जूनमध्ये आल्या. वेळ उघडली की शहरातली हुशार पोरे मिनिटाभरात ती भरून टाकत, आणि गाडी करून खेड्यातल्या केंद्रावर लस घ्यायला येत. गावची माणसे पारावरून बघत. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात सरकारला विचारले, ज्याच्याकडे फोन नाही, इंटरनेट नाही, त्याने काय करायचे? अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना पैसे मोजायला लावणारे धोरण मनमानी वाटते असेही न्यायालयाने म्हटले. समतेच्या चौदाव्या कलमाचा आधार त्या विचारात होता, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. २१ जूनपासून केंद्राने अठरावरील सर्वांसाठी लस मोफत केली, केंद्रावर जाऊन थेट नोंदणीची सोय झाली. कायद्याचे काम कायद्याने केले. वस्तीतले काम उरलेच होते.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमा २६ मे रोजी होती. मिरवणूक नाही, खीरदान नाही. महिला मंडळाच्या आम्ही सहा-सात जणी विहारात वंदनेला आलो आणि तिथेच बसून दोनशे पानी वही आखली. घर, नाव, वय, आजार, घरात फोन कोणाकडे, पहिला डोस, दुसऱ्याची तारीख. शेवटचा रकाना ठेवला तो 'घेतली नाही तर का?' सगळ्यात उपयोगी रकाना तोच ठरला. आम्हाला वाटले होते की तिथे घरोघरी 'भीती' लिहावे लागेल. भीती होतीच. पण अर्ध्याहून जास्त ठिकाणी लिहावे लागले: कामावर होते. केंद्राची वेळ आणि शेताची वेळ एकच. मृगाच्या तोंडावर सरकी लावायला गेलेली बाई सकाळी अकराला केंद्रावर येणार कशी?

मग आम्ही 'दहाची ओळ' सुरू केली. एकेका गल्लीची एकेक बाई, तिच्याकडे दहा माणसे. आदल्या रात्री ती दहा घरी फिरणार, आधारकार्ड उशाशी ठेवायला सांगणार, आशाताईंना निरोप देणार की उद्या दहा नक्की आहेत. एखादा गळला तर बदली म्हणून अकरावा-बारावा तयार. बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी, म्हणून तो दिवस मागून घेतला. आणि दहाच्या दहा सोबत निघणार, एकटेदुकटे कोणी नाही. नर्सबाईंनी पहिल्या ओळीला पाहिले आणि हसून कुपी हातात घेतली, त्यांना मोजावे लागलेच नाही. केरळातल्या परिचारिका तर कुपीत थेंबभर जास्त असते त्यातून अकरावा डोस काढत, त्यांचे देशभर कौतुक झाले ते योग्यच झाले. आमच्याकडे निदान दहावा वाया गेला नाही.

भीतीचे म्हणाल तर ती अडाणीपणाची होती असे मला कधी वाटले नाही. आमच्या गल्लीतली एक आजी म्हणाली, "मी काही सुई घेत नाही वं माय. दवाखान्यात गेलेला मानूस वापस येते काय? आपल्या डोयानं पायलं ना." तिने एप्रिलमध्ये जे पाहिले होते ते खोटे नव्हते. तिच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. मंडळाच्या आम्ही जणींनी आधी सुई घेतली, दुसऱ्या दिवशी ताप आला तो तिच्या ओट्यावर बसून काढला, आणि तिसऱ्या दिवशी तिच्यासमोर धुणे धुतले. हाफकिन यांच्या काळात मुंबईतही असेच झाले होते. लोक लशीला भीत होते, तेव्हा खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी चारचौघांसमोर स्वतः लस टोचून घेतली, मग त्यांचा समाज पुढे आला. त्याच वर्षी पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून प्लेगचे रोगी शोधले, त्याचा शेवट काय झाला ते शाळेच्या पुस्तकात आहे.

दुसरा प्रश्न तापाचा नव्हता, मजुरीचा होता. "ताप आला त मजुरी कोन देईन?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते. शेवटी निंदणाच्या टोळ्यांच्या मुकादमांशी बोलून एवढे ठरले की अर्धी टोळी या आठवड्यात लस घेईल, अर्धी पुढच्या. म्हणजे काम बंद पडत नाही आणि कोणाचा खाडा झाला तर बाकीच्या तिचा तास ओढून घेतात. ज्या बाईला ताप येईल तिच्या घरच्या भाकरी त्या दिवशी शेजारीण करणार. पुरुषमंडळींना भाकरी करता येत नाहीत काय, असे एका पोरीने विचारले. तिचा मुद्दा मी वहीत लिहून ठेवला आहे.

आणखी एक घोळ दुसऱ्या डोसाचा. दोन डोसांमधले अंतर आधी चार ते सहा आठवडे, मग सहा ते आठ, आणि १३ मेला सरकारने ते बारा ते सोळा आठवडे केले. शास्त्राचे कारण असेल, पुरवठ्याचेही असेल. पण दीड महिन्यांनी गेलेला माणूस परत पाठवला गेला की तो पुन्हा यायला नाखूश. शिवाय एका फोनवर चौघांची नोंद, आणि तो फोन घेऊन पोरगा पुण्याला कामाला गेलेला! निरोप पुण्यात, माणूस वरवट बकालात. आम्ही चौऱ्याऐंशी दिवस मोजून घरोघरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल गोल केला. ज्या आशाताईंच्या भरवशावर हे सारे चालत होते त्यांनी जून २०२१ मध्ये मानधनासाठी राज्यभर संप केला. तेव्हा काही जण कुरकुरले. मी म्हटले, बिनपगारी फुकट राबायचे आपण कधी सोडले ते आठवा, आणि मग त्यांना नावे ठेवा.

आता चुकीविषयी. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

ऑगस्टमध्ये आमची वही जवळपास भरली. आम्ही खुशीत होतो. एक दिवस नर्सबाईंनी विचारले, "ताई, त्या पालांचे काय?" गावाबाहेर भटक्या समाजाची काही कुटुंबे पाल ठोकून होती. त्यांना रोज येता-जाता पाहत होतो. आमच्या वहीत त्यांचे एकही नाव नव्हते. घर नाही म्हणून घराचा रकाना नाही, रकाना नाही म्हणून नाव नाही! गावाने शतकानुशतके आपल्याला वेशीबाहेर ठेवले, हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. आणि आमच्या यादीची वेस आमच्याच गल्लीच्या टोकाला संपली होती. त्या दिवशी मान वर करवली नाही.

पालावर गेलो तर कळले की ते एकदा केंद्रावर गेले होते, आधारकार्ड नाही म्हणून परत आले. वास्तविक भटके, भिक्षेकरी अशा ओळखपत्र नसलेल्या लोकांना लस देण्याची सोय केंद्र सरकारने मे २०२१ मध्येच केली होती. नियम होता, पण तो पालापर्यंत कोणी नेला नव्हता. आपल्या धम्मातली गोष्ट तेव्हा आठवली. एक आजारी भिक्खू घाणीत पडला होता, आणि तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले आणि दोघांनी मिळून त्याला स्वतःच्या हाताने धुतले. ही गोष्ट मी कितीतरी वेळा विहारात सांगितली आहे. पालावर पोहोचायला मात्र मला नर्सबाईंच्या प्रश्नाची गरज पडली.

भूतानची हकीकत मी नंतर वाचली. आपल्यासारखाच बुद्धाला मानणारा, आठ लाखांच्या आतला डोंगरी देश. भारताने जानेवारी २०२१ मध्ये त्यांना दीड लाख डोस भेट दिले. त्यांनी ते लगेच टोचायला काढले नाहीत. मार्चमध्ये आणखी चार लाख आल्यावर, सगळ्यांना पुरतील अशी खात्री झाल्यावर, २७ मार्चला सुरुवात केली आणि सुमारे दोन आठवड्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पात्र लोकांना पहिला डोस दिला. शाळा, गावचावड्या, स्वयंसेवक, सगळे एकाच वेळी कामाला. सुरुवातीचा दिवस त्यांनी मुहूर्त पाहून ठरवला, पहिली लस कोणत्या सालात जन्मलेल्या बाईला द्यायची हेही पंचांगाने ठरवले. हे काही आपल्याला पटणारे नाही, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने मुहूर्त पाहायचा नसतो. पण आधी सगळ्यांपुरते जमवायचे, मग एकदम सगळ्यांना द्यायचे, यात कोणाला दारातून परत जावे लागत नाही. भारताएवढ्या देशाला ते जमले नसते हे मान्य. तालुक्याला जमले असते काय? मला वाटते, जमले असते.

२१ ऑक्टोबर २०२१ ला देशात शंभर कोटी डोस झाले, दूरदर्शनवर रोषणाई पाहिली. पुढे दोनच आठवड्यांत, ३ नोव्हेंबरला, पंतप्रधानांनी मागे पडलेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली. पन्नास टक्क्यांहून कमी लोकांनी पहिला डोस घेतलेले महाराष्ट्रातले सहा जिल्हे त्यात होते: तेव्हाचे औरंगाबाद, नांदेड, हिंगोली, नंदुरबार, अकोला आणि आपला बुलडाणा. शंभर कोटींच्या आकड्यात आमच्या जिल्ह्याचे अर्धे लोक नव्हते! मग 'हर घर दस्तक' आली, म्हणजे कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन लस द्यायची. आमच्याकडे पथक आले तेव्हा त्यांनी आमची वही मागितली. सकाळी सात वाजता, शेतावर जायच्या आधी, त्यांनी गल्लीच्या टोकापासून सुरुवात केली. म्हणजे पालापासून. ती आजी पथकाला दारात पाहून म्हणाली, "मी कवाच घेतली, तुमी उशिरा आले."

त्या आठवीतल्या पोरीला मी ही वही दाखवली. विहारातल्या कपाटात बाबासाहेबांच्या ग्रंथांखाली ती ठेवलेली आहे. तिने पाने उलटली आणि म्हणाली, मावशी, यातली कितीतरी माणसे आता नाहीत, आणि मी यात नाहीच, तेव्हा माझे वय बसत नव्हते. खरेच आहे, वही जुनी झाली. तीन सुना आल्या, चार-पाच म्हातारी माणसे गेली, दोन घरे पुण्याला स्थायिक झाली, पालातली दोन कुटुंबे आता झोपडी बांधून राहतात. येत्या वर्षावासात ती पोर आणि तिच्या दोन मैत्रिणी नवी यादी करणार आहेत. पहिल्या पानावर गावाबाहेरची घरे घ्यायची असे त्यांनीच ठरवले आहे. लेकरांच्या गोवराच्या लशीपासून म्हाताऱ्यांच्या डायलिसिसच्या फेऱ्यांपर्यंत सगळे त्यात असेल.

आपल्या गावी २०२१ मध्ये लशीचे काम कसे झाले, कोण राहून गेले, आणि का, ते मला कळवा. पुढच्या एखाद्या अंकात त्यातली पत्रे देईन.